उभ्या गाडीचे आकडे

आकडा रोज तोच येत असेल तर तो कोणीतरी न बघता सांगतंय, हे मी नोकरीत शिकले. औषधांच्या एका गोदामात थंड खोल्यांच्या तापमानावर लक्ष ठेवणं हे माझं काम. खोलीचं दार दिवसभर उघडत असतं, खोकी आत-बाहेर होत असतात, आणि तरीही सकाळ-दुपार-संध्याकाळ ‘चार अंश मॅडम’ असंच कोणी सांगायला लागलं की मी त्याला हाताला धरून आत नेते आणि म्हणते, दाखव कुठे चार आहेत. बहुतेक वेळा तो काट्याकडे पहिल्यांदाच बघत असतो. गोदामात मी फारशी कोणाला आवडत नाही. माझं काही अडत नाही.

गाडीचे आकडे बघायची वेळ आली ती माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. मूळचे मालवणकडचे, सगळं तरुणपण कापडाच्या गिरणीत साचे चालवण्यात गेलं. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. आता फुप्फुसं कामातून गेली आहेत. हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकाशी देणारं एक मशीन मुलुंडच्या आमच्या घरी त्यांच्या पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असतं. थोडा वेळ त्याच्याशिवाय चालतं, फार वेळ नाही.

बाबांना आता बाहेरचं एकच काम उरलं होतं. गिरणीत शेजारच्या साच्यावर असलेला त्यांचा मित्र चेंबूरला राहतो. मित्र साताऱ्याकडचा. बाबा त्याला घाटावरचा म्हणतात, तो बाबांना कोकण्या. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर. गुडघे गेलेले, तरी कठड्याला धरून, सुनेच्या आधाराने, तो खाली उतरतो. त्याहून लांब जायची त्याची तयारी नाही. बाबा वर चढू शकत नाहीत. मग दोघांनी भेटायचं कुठे? आमच्या गाडीत.

आमची जुनी पेट्रोलची छोटी गाडी. भांडुपच्या एका मिस्त्रीकडून मी मागची अर्धी सीट काढून घेतली. तिथे मशीन पट्ट्यांनी बांधलं, डिकीत दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. बाबा माझ्या मागे बसतात. पायाशी एक छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर, अडीअडचणीला. चेंबूरला पोचलं की इमारतीसमोरच्या शिरीषाखाली मी गाडी उभी करते, मित्र खाली येऊन पुढच्या सीटवर बसतो आणि मान मागे वळवून बोलायला लागतो. दोघंही कानाने अधू असल्यामुळे ते भांडतायत असंच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं. बऱ्याचदा ते भांडतच असतात.

अडचण अशी की ही सगळी भेट गाडी उभी असताना होते, आणि इंजिन चालूच ठेवावं लागतं. नुसत्या बॅटऱ्यांवर मशीन फार वेळ निघत नाही. एसीही हवा, कारण वारा देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून असला तर काच खाली करायची सोय नसते. म्हणजे जागेवर उभं इंजिन, एसी, मशीन, सगळं एकदम. मिस्त्री म्हणाला, “चालेल.” मी विचारलं, “कशावरून?” तो म्हणाला, “अहो, चालतं.”

‘चालतं’ हा शब्द मी गोदामात रोज ऐकते. मी सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा व्होल्टमीटर आणला, आणि गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायची एक छोटी डबी आणली. ती डबी इंजिनच्या पाण्याचं तापमान मोबाइलवर दाखवते. आमच्या गाडीला कंपनीने काटाच दिलेला नाही, नुसता एक लाल दिवा दिला आहे. लाल दिवा लागेपर्यंत थांबणं मला मान्य नाही.

सुरुवातीच्या शुक्रवारी मी फक्त नेहमीचं काय ते बघून घेतलं. चुकीचं काय हे नेहमीचं माहीत असल्याशिवाय कळत नाही. हायवेवर पाणी नव्वद अंशांच्या आसपास. जागेवर उभी राहिली की हळूहळू सत्त्याण्णवपर्यंत, मग पुढचा पंखा सुरू होतो आणि परत नव्वदच्या खाली. व्होल्ट चालत्या गाडीत चौदाच्या जरा पुढे, उभ्या गाडीत सगळं चालू असताना साडेतेराच्या वर. साडेबाराच्या खाली गेलं तर गाडी बॅटरी भरत नाही, खातेय, एवढं मिस्त्रीने सांगितलं होतं आणि ते मी दुसऱ्या मिस्त्रीला विचारून खात्री करून घेतलं होतं.

नवरा म्हणायचा, “तू गाडी चालवतेस का ताप मोजतेस?”

“तुला येतं का दोन्ही?” मी विचारायची. त्याला गाडी चालवता येते, पण शुक्रवारी त्याला सुट्टी नसते आणि मला असते.

दसऱ्यानंतर आकडे बदलले.

पहिल्यांदा घाटकोपरला दिसलं. पुढे कुठेतरी बस बंद पडलेली, गाड्या मुंगीच्या चालीने. मोबाइलवर शंभर आलं, मग एकशे दोन. पंख्याची घुरघुर ऐकू येत होती, पण आकडा खाली येईना. व्होल्टमीटर साडेतेरावरून तेरावर. मी एसी बंद केला. मागून बाबा म्हणाले, “काय गो, काय झाला?”

“काही नाही. पुढे गर्दी आहे.”

“गर्दी दिसता मला. तुझा तोंड कित्याक असा झाला?”

गर्दी सुटली, गाडी पळाली, आणि पाच मिनिटांत आकडे परत शहाण्यासारखे झाले. हेच मला आवडलं नाही. बिघडलेली गोष्ट बिघडलेली राहिली तर सापडते. आपोआप सुधारली की समजावं, कोणीतरी काहीतरी लपवतंय.

पहिला संशय मिस्त्रीवर गेला. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात गाडी दिवसभर त्याच्याकडे होती, पाणी बदलायला. त्याच्या गॅरेजमध्ये जुन्या बॅटऱ्यांची रांग असते. माझी चांगली बॅटरी काढून तशीच दिसणारी दमलेली बॅटरी बसवायला कितीसा वेळ लागतो? मी बॅटरीवरचा नंबर बिलाशी पडताळून पाहिला. जुळला. मग मला वाटलं, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलला असेल. त्याच्यावरचा नंबर वाचायला आरसा आणि टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये वाकले, तर वॉचमन विचारायला आला की काही पडलंय का.

दुसरा संशय नवऱ्यावर. रविवारी तो गाडी घेऊन बोरिवलीला बहिणीकडे गेला होता. “घाटातनं नेलीस का? कुठे आपटलीस?”

“घोडबंदर रोडने नेली. सगळे तिथनंच नेतात. आपटली असती तर सांगितलं असतं.”

“तू सांगितलं असतंस?”

तो यावर पेपर वाचायला लागला.

तिसरा संशय त्या डबीवर. स्वस्तातली होती. मी शेजाऱ्यांच्या गाडीला ती लावून पाहिली. त्यांच्या गाडीत तिने अगदी सरळ आकडे दाखवले. म्हणजे डबी खोटं बोलत नव्हती.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने पाणी पाहिलं, रबरी पाइप दाबून पाहिले, इंजिन चालू ठेवून पंख्याकडे हात करून म्हणाला, “फिरतोय ना पंखा? बघा. वारा पण लागतोय.”

“पण आकडा खाली येत नाही.”

“मॅडम, तुम्ही आकडे बघायचं सोडा, गाडी व्यवस्थित चालेल.”

“आणि बॅटरी का उतरते?”

“तुमचा तो दवाखाना आहे ना मागे, तो खातो. एक तर इन्व्हर्टर काढा, नाहीतर मोठा अल्टरनेटर टाकू. माझ्याकडे आहे एक.”

माझ्याकडे आहे एक, हे ऐकल्यावर माझा संशय पक्का झाला. “तुम्हीच म्हणाला होतात चालेल.”

“चालत होतं तेव्हा.”

“मधे काय झालं मग?”

“ते मला काय विचारता? गाडी तुमच्याकडे असते.”

“एक दिवस तुमच्याकडे होती.”

त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, सरळ बोला. मी काही काढून घेतलंय असं म्हणायचंय?”

“तसं म्हटलं नाही मी.”

“म्हणायचंय पण.” तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. मॅडमची ताई का झाले ते मला कळलं, आणि मी गाडी काढली.

त्या शुक्रवारी जायचंच नाही असं मी ठरवत होते. पण बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शुक्रवारचा तो एकच शर्ट. गाडी हायवेवर शहाण्यासारखी वागली. शिरीषाखाली उभी केली, मित्र उतरून आला, सुनेने त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि ती वर गेली. दोघांचं सुरू झालं. गिरणीत कँटीनचा चहा किती पातळ असायचा, यावर त्यांचं आजवर एकमत झालेलं नाही.

मी मोबाइलकडे बघत होते. सत्त्याण्णव. शंभर. एकशे चार. व्होल्ट तेरा, मग पावणेतेरा, मग त्याच्याही खाली. एकशे सातला मी एसी बंद केला. डिकीतला इन्व्हर्टर बारीक ओरडायला लागला, पाठोपाठ बाबांचं मशीन. मी इंजिन बंद केलं, मागे वळून नळी काढून सिलिंडरला लावली. हे काम मी घरी मुद्दाम करून पाहिलेलं होतं. काचा खाली केल्या. देवनारचा वास आत आला.

“कोकण्या, तुझी गाडी तुझ्यासारखीच झाली की रं,” मित्र म्हणाला. “बसली की धाप लागती.”

बाबा हसले नाहीत. सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते. मित्राच्या सुनेला मी फोन करून खाली बोलावलं. इंजिन थंड होईपर्यंत थांबलो. निघताना बाबा मित्राला म्हणाले, “आता बघूया. फोन करीन.” घरी येताना मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे ते मला म्हणाले, “पुरे आता गो. तुका कशाला घोर. बोलायचा काय, फोनवर पण बोलता येता.”

फोनवर त्यांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. हे त्यांनाही माहीत होतं.

त्या आठवड्यात मी संशयाला जरा रांगेत उभं केलं. माणसं बाजूला ठेवली आणि नुसते आकडे घेतले. पळत्या गाडीत सगळं ठीक. उभ्या गाडीत दोन्ही एकदम बिघडतं, तापमान वर, व्होल्ट खाली. पळत्या गाडीत नसलेलं आणि उभ्या गाडीत लागणारं काय? पंखा. धावताना समोरचा वाराच पाणी थंड करतो. उभं राहिलं की सगळा भार पंख्यावर. आणि पंखा विजेवर चालतो. घरचा मिक्सर पात्यात काही अडकलं की कसा गुरगुरतो, गरम होतो. फिरत असतो, पण नुसता जोर खात असतो. मिस्त्री म्हणाला होता पंखा फिरतोय. कसा फिरतोय ते त्यानेही पाहिलं नव्हतं आणि मीही.

रविवारी सकाळी नवऱ्याला खाली नेलं. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. सत्त्याण्णवला पंखा सुरू झाला. मी मान वाकवून पाहिलं. तो आढेवेढे घेत, अडखळत फिरत होता, आणि जळकट वास येत होता. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात ठेवली, बॅटरीची तार सुटी केली, गार होऊ दिलं. मग पात्यांमधून हात घातला. मधल्या दांड्याभोवती काहीतरी गच्च गुंडाळलेलं. नखाने ओढलं तर दोरा. प्लास्टिकचा, वितळून चिकटलेला. चिमट्याने थोडा सुटला, आणि त्याच्यासोबत सुकलेल्या झेंडूची एक पाकळी आली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाकळीकडे बघत होता.

“हार मी पुढच्या काचेवर घातला होता,” मी म्हणाले. “आत कोणी घातला?”

“दसऱ्याला पूजेच्या वेळी तू नारळ आणायला वर गेली होतीस ना,” तो म्हणाला, “तेव्हा बाबा म्हणाले बॉनेट उघड.”

“आणि तू उघडलंस.”

“त्यांनी एक छोटा हार आणला होता खिशात. म्हणाले, कपाळाला हार कशाला, यंत्राला घालायचा. गिरणीत साच्यालाच घालायचे.”

“आणि तू हे मला आता सांगतोयस? मी मिस्त्रीला चोर ठरवून आले.”

“तू विचारलंस कुठे? तू विचारलंस आपटली का.”

हे खरं होतं, त्यामुळे जास्त राग आला.

वर जाऊन मी तो दोऱ्याचा तुकडा बाबांच्या पलंगावर ठेवला. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

“मी हार काढलेला,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी. ह्याका सांगून उघडून घेतला आणि काढला.”

नवरा म्हणाला, “फुलं काढली होती. ओढून.”

“म्हणजे दोरा राहिला,” मी म्हणाले.

“दोरा राहायचा नाही. इतकी वर्सां साच्याला हार घातले, कधी दोरा राहिला नाही.” नळीतून येणारी हवा कमी पडल्यासारखे ते थांबले. मग म्हणाले, “तरी मी म्हटलेला, पुरे आता म्हणून.”

मला तिथे दोन गोष्टी कळल्या. एक, ते आता गाडीत बसणार नाहीत, कारण खराबी त्यांच्या हातून झाली होती. दुसरी, त्यांची समजूत काढणं मला जमत नाही. मी म्हटलं, “पंखा बदलते. शुक्रवारी शर्टाला इस्त्री करून ठेवते,” आणि बाहेर आले.

मिस्त्रीकडे गेले तेव्हा आधी दोरा दाखवला. त्याने तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. पंख्याची मोटर दमली होती, ती बदलावी लागली. ती बसवताना तो खालूनच म्हणाला, “मग, मोठा अल्टरनेटर राहिला आता.”

“राहिला.”

“आणि माझ्यावरचा डाउट?”

“तो गेला.”

“सगळा?”

“ह्या कामापुरता,” मी म्हणाले. त्याला हसू आलं. पंखा फिरताना मी वाकून पाहिला. माझ्याशेजारी वाकून या वेळी त्यानेही पाहिला.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट खुंटीला तसाच होता. बाबा बनियनवर बसले होते. म्हणाले, आज अंगात नाही. त्यांच्या अंगात सगळं होतं. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, “बाबा, मी एकटी गाडी चालवू की आकडे बघू? मागे बसून तुम्ही बघायचे. सत्त्याण्णवच्या वर गेला तर मला ओरडायचं. दोन-दोन साचे एकदम सांभाळलेत, एक आकडा नाही का सांभाळता येणार?”

त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “अक्षर बारीक आसा,” म्हणाले. मी अक्षर मोठं करून दिलं. त्यांनी शर्ट घातला.

वाटेत त्यांनी आकडे सांगितले, मोठ्याने, विक्रोळीच्या गर्दीत तर दर मिनिटाला. शिरीषाखाली उभे राहिलो. पंखा लागला, आकडा उतरला, व्होल्टमीटर साडेतेराच्या वर. मित्र आला, बसला, आणि त्याला दोऱ्याची गोष्ट मीच सांगितली, कारण बाबा सांगणार नव्हते.

मित्र सीटच्या पाठीवर हात आपटून हसला. “राहायचा नाही म्हणतो का दोरा? अगं सूनबाई, दसऱ्याला मी नागपूरला असायचो दरवर्षी. दीक्षाभूमीवर. मी नाही म्हणून हा माझ्या साच्यालाही हार घालून ठेवायचा. परत आलो की माझं पहिलं काम काय, तर कोकण्यानं सोडलेले दोरे काढायचे. त्याच्याही साच्याचे मीच काढायचो. ह्यानं फक्त फुलं ओढायची.”

“काय खोटा बोलतंय,” बाबा म्हणाले.

“आपल्या जॉबरला विचार, तो मुकादम सगळं बघायचा.”

“जॉबर मेला.”

“मग मी खरा.”

“एवढी वर्सां सांगितलास नाय कधी?”

“सांगितलं असतं तर हार घालायचा बंद झाला असतास. माझ्या साच्याला घालणारं दुसरं कोण होतं?”

बाबांनी बोलण्याची गाडी कँटीनच्या चहाकडे वळवली. मी अधूनमधून विचारत होते, “बाबा, किती?”

“चौऱ्याण्णव.”

थोड्या वेळाने परत विचारलं. “चौऱ्याण्णव.”

मित्र सांगत होता की चहा पातळ नव्हता, दूध कमी होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तिसऱ्यांदा विचारलं. “चौऱ्याण्णव गो, बोलूक दी जरा.”

मी आरशातून मागे पाहिलं. मोबाइल मांडीवर पालथा पडला होता आणि बाबा दोन्ही हातांनी हवेत चहाचा ग्लास दाखवत होते.

मी हात मागे नेऊन मोबाइल उचलला. पंखा नुकताच थांबला होता, एकोणनव्वद होते. मोबाइल मी माझ्यासमोर लावला, तिरका, बाबांना दिसणार नाही असा. पुढे तासभर मी विचारत राहिले आणि ते चौऱ्याण्णव सांगत राहिले.